आवाज मधूनच जातो? बोर्ड काढण्याआधी तो कसा जातो ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हाच त्रास असलेल्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लॅपटॉप २०२१ मध्ये घेतलेला, अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून तुम्ही विंडोज ११ करून घेतलं आणि त्याच खेपेला दुकानातून रॅमही वाढवली. तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा आवाज गायब होतो. शटडाउन करून चालू केलं तर येत नाही, रीस्टार्ट केलं की येतो. तुम्ही साताऱ्यातून ऑनलाइन पेटी शिकवता आणि हे नेमकं भर शिकवणीत होतं. दुबईची आणि न्यू जर्सीची मुलंही म्हणतात की मधूनच पेटी ऐकू येत नाही. दुकानदाराने एकदा फॉरमॅट मारला, तीन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतोय साउंड आयसी (आवाजाची चिप) गेलाय, बोर्ड (मदरबोर्ड) काढावा लागेल.

बोर्ड काढू देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

माझी वीसेक वर्षं याच टेबलावर गेली. सरळ बंद पडलेलं मशीन सोपं असतं, तासाभरात कळतं काय गेलंय ते. कधी येतं कधी जातं हा फॉल्ट मात्र माणसाला वेडा करतो, कारण कस्टमर दुकानात आला की आवाज हमखास खणखणीत येतो. मग दुकानदार काय करतो? जे येतं ते करतो. फॉरमॅट मारतो, आणि त्यानेही भागलं नाही की बोर्ड. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण तुम्ही लिहिलेल्या प्रश्नातच दोन गोष्टी अशा आहेत की त्यावरून अर्धं निदान इथे बसून होतं.

पहिली, शटडाउनने येत नाही पण रीस्टार्टने येतो. तुम्ही लिहिलंय ‘हे विचित्र आहे’. विचित्र वाटतं खरं, पण यामागे साधं कारण असतं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असली की शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्याला चिकटलेले ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) जसे आहेत तसे डिस्कवर उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तसेच परत उचलले जातात. म्हणजे ध्वनीचा ड्रायव्हर रुसलेल्या अवस्थेत झोपला तर रुसलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये हे होत नाही, तिथे सगळं पहिल्यापासून उभं राहतं. स्वतः पडताळून बघा: टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा, खाली ‘अप टाइम’ दिसेल. रोज रात्री शटडाउन करत असूनही तिथे चार-पाच दिवस दिसले तर समजा की मशीन चार-पाच दिवस खऱ्या अर्थाने बंद झालेलंच नाही.

आता विचार करा. चिप जळत आली असती किंवा टाका सुटला असता, तर तिला शटडाउन आणि रीस्टार्ट यातला फरक कळला असता का? हा फरक फक्त सॉफ्टवेअरला कळतो.

दुसरी गोष्ट त्या तीन दिवसांची. फॉरमॅटनंतर विंडोज सहसा स्वतःजवळचा एखादा चालून जाईल असा ड्रायव्हर टाकतं. मग इंटरनेट मिळालं की मागच्या दाराने विंडोज अपडेट येतं आणि त्याला योग्य वाटेल तो ड्रायव्हर वर चढवतं. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी असंच झालं असावं असा माझा संशय आहे, पण संशयावर जाऊ नका. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ येईल. तिथे तारखांचा तक्ता असतो आणि कोणत्या दिवशी काय बसलं, काय कोसळलं ते दिसतं. त्रास पुन्हा सुरू झाला त्या तारखेवर क्लिक करा. तिथे ऑडिओ, रिअलटेक किंवा इंटेल असं नाव असलेलं काही बसलेलं दिसलं तर ते सांगा. हा तक्ता फार कमी जण उघडतात. मला विचाराल तर अपग्रेडनंतरच्या तक्रारीत पहिला बघावा तो हाच.

आता खरी चाचणी. हिला पैसे लागत नाहीत, फक्त आवाज गेल्यावर दोन मिनिटं धीर धरावा लागतो. ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग ‘साउंड’, आणि अगदी खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. जुन्या वळणाची एक छोटी खिडकी उघडते. ‘प्लेबॅक’मध्ये प्रत्येक उपकरणाच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी दिसते आणि काही वाजत असलं की तिच्यात हिरव्या रेघा वर-खाली होतात. शिकवणीच्या वेळी ही खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवा. आवाज गेला की लगेच रीस्टार्टकडे धावू नका, आधी त्या पट्टीकडे बघा.

रेघा ‘स्पीकर्स’समोर नाचतायत आणि तरी शांतता आहे? मग विंडोजने आपलं काम केलंय, अडतंय ते त्याच्या खाली. अशा वेळी वायरचा साधा हेडफोन लावून बघा. त्यात आवाज आला तर चिप जिवंत आहे, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये हेडफोन आणि स्पीकर दोन्हींना एकच चिप आवाज पुरवते. मग संशय जॅकवर, स्पीकरच्या वायरवर किंवा तिच्या कनेक्टरवर. दुकानदाराच्या ‘आयसी गेला’चा निकाल या एका कृतीत बराचसा लागतो.

रेघा भलत्याच उपकरणासमोर नाचतायत? मग आवाज गेलेला नाही, शेजारी गेलाय. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर हे फार होतं. मॉनिटर झोपेतून जागा झाला की विंडोजला वाटतं नवीन पाहुणा आला आणि ते आवाज तिकडे पाठवतं. बरेचदा त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात. विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकदम दाबली की आवाज कुठे चाललाय त्याची यादी उघडते, तिथून परत वळवता येतो. नको असलेलं उपकरण त्या जुन्या खिडकीत राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करून टाका.

यावरून एक जुनी केस सांगतो. एक निवृत्त मास्तर चार वेळा मशीन घेऊन आले. दुकानात कधीच फॉल्ट दिसला नाही. शेवटी मी त्यांना वही दिली आणि म्हटलं आवाज गेला की वेळ लिहा, आणि घरात तेव्हा काय चाललं होतं तेही लिहा. आठवड्याने वही आली. सात नोंदी, सगळ्या संध्याकाळी सहा ते सातमधल्या. सहा वाजता नातू क्लासहून यायचा आणि त्याच्या गळ्यातला ब्लूटूथ नेकबँड, जो कधी काळी आजोबांच्या लॅपटॉपला जोडला होता, दारातून आत येताच आपणहून जोडला जायचा. आवाज नातवाच्या गळ्यात, आणि आजोबा माझ्या दुकानाच्या पायरीवर.

म्हणून तुम्हालाही सांगतो, वही करा. ‘कधीही जातो’ असं प्रत्येक जण म्हणतो. लिहायला लागलं की ‘कधीही’ राहत नाही, ‘झाकण उघडल्यावर’ होतं, ‘चार्जर काढल्यावर’ होतं. चार गोष्टी पुरेत: वेळ, त्याआधीच्या पाच मिनिटांत काय केलं, हिरवी पट्टी काय करत होती, आणि आवाज परत कशाने आला.

पट्टी कुठेच हलत नसेल तर अडकलंय ते वरच्या बाजूला. एखादा प्रोग्राम, किंवा विंडोजची ध्वनीसेवा. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करा, यादीत ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ शोधा, राइट क्लिक, ‘रीस्टार्ट’. ‘विंडोज ऑडिओ’ही सोबत रीस्टार्ट होईल म्हणून विचारेल, हो म्हणा. मशीन चालू असताना एवढ्यानेच आवाज परत आला, तर बोर्डाचा विषय तिथेच मिटवा.

अशा केसमध्ये माझा पहिला संशय ‘ऑडिओ एन्हान्समेंट’वर असतो. कंपन्या लॅपटॉप विकताना आवाज भरदार वाटावा म्हणून त्यावर मसाला टाकतात: बास वाढव, सराउंड दे, गोंगाट काप. हा मसाला विंडोजच्या एका वेगळ्या प्रोसेसमध्ये शिजतो. तिथे एखादा भाग कोसळला की मुख्य आवाजच तुंबतो. आणि हा मसाला जुन्या विंडोजसाठी कालवलेला असतो, नव्यात तो बसेलच असं नाही. २०२४ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टला विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट काही लॅपटॉपांपुरतं रोखावं लागलं होतं, कारण डिरॅक नावाच्या अशाच ध्वनी-सुधारकाच्या एका फाइलमुळे स्पीकर आणि ब्लूटूथ दोन्ही मुके होत होते. तुमच्या मशीनमध्ये डिरॅक असेलच असं नाही, पण जातकुळी तीच. सेटिंग्जमध्ये स्पीकरवर क्लिक करा, ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ ‘ऑफ’ करा. आवाज थोडा पातळ वाटेल. पेटीला तो पातळच बरा, खोटा बास हवाय कशाला.

चौथी शक्यता, ‘स्पीकर्स’ ही ओळच यादीतून गायब होते. म्हणजे अख्खं उपकरण विंडोजच्या नजरेआड झालं. हे बहुधा झोपेतून उठताना होतं, आणि याचं मूळ जवळपास नेहमी ड्रायव्हरच्या थरांत असतं.

थर म्हणतो, कारण लोकांना वाटतं ‘साउंडचा ड्रायव्हर’ म्हणजे एक फाइल. अकराव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये ती पालखी असते, चार-पाच भोयांनी उचललेली. सगळ्यात खाली चिपसेट, म्हणजे बोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप, तिचा ड्रायव्हर. त्यावर ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’, जी प्रोसेसरमधल्या ध्वनीच्या भागाला चालवते. त्यावर प्रत्यक्ष ध्वनीचिपचा ड्रायव्हर, बहुतेक ठिकाणी रिअलटेकचा. त्यावर लॅपटॉप कंपनीने आपल्या मॉडेलपुरत्या घातलेल्या सेटिंग्जचा थर, आणि शेवटी तो मसाला. अपग्रेडमध्ये यातले दोन बदलतात, तीन जुनेच राहतात. पालखी चालते, पण एका भोयाचा पाय वेगळा पडतो. मग सपाट रस्त्यावर सगळं ठीक, आणि झोप-जाग असा चढ आला की पालखी खाली.

यात इंटेलच्या थराचं तर नावच झालेलं आहे. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा अकराव्या पिढीच्या मशीनवर १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्या निळा स्क्रीन देत होत्या (म्हणजे मशीन अचानक कोसळत होतं) आणि मायक्रोसॉफ्टने अशा मशीनचं अपग्रेड अडवून धरलं होतं. शेवटचे चार आकडे ५७१४ असलेल्या आवृत्त्यांनी तो त्रास संपला. तुमची तक्रार निळ्या स्क्रीनची नाही, तरी हा आकडा बघून ठेवा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘सिस्टिम डिव्हायसेस’ उघडा, त्यात इंटेल स्मार्ट साउंडचा ‘ऑडिओ कंट्रोलर’ शोधा, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘ड्रायव्हर’.

दुरुस्ती अशी करा. तुमच्या लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मागच्या स्टिकरवरचा नेमका मॉडेल क्रमांक टाका आणि विंडोज ११ साठीचे चिपसेट, इंटेल स्मार्ट साउंड आणि ऑडिओ हे तिन्ही ड्रायव्हर उतरवून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे प्रोग्राम अजिबात नकोत, त्यांनी बिघडवलेली मशीन निस्तरण्यात माझे कित्येक रविवार गेलेत. मग वाय-फाय बंद करा. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर तुम्ही काढेपर्यंत विंडोज अपडेट पुन्हा स्वतःचा ड्रायव्हर बसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड’च्या गटातल्या ओळीवर राइट क्लिक, ‘अनइन्स्टॉल’, आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकोनात टिक. रीस्टार्ट. आता खालून वर: आधी चिपसेट, मग इंटेल, मग ऑडिओ, आणि प्रत्येकानंतर एक रीस्टार्ट. शेवटी वाय-फाय चालू करा, पण विंडोज अपडेट आठवडाभर ‘पॉझ’वर ठेवा. सोबत कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिकही काढा. मशीन चालू व्हायला काही सेकंद जास्त घेईल, घेऊ दे.

आठवड्यात पुन्हा गेला, तर उलटा प्रयोग. ‘अपडेट ड्रायव्हर’मधून ‘ब्राउज’, मग ‘लेट मी पिक’, आणि यादीतून विंडोजचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडा. दोन दिवस त्यावर चालवा. त्रास थांबला तर गुन्हेगार कंपनीचा ड्रायव्हर. मात्र काही मशीनवर हा पर्याय यादीत दिसतच नाही, आणि काहींवर आतला माइक बंद पडतो, कारण तो इंटेलच्या थरातूनच येतो. शिकवणी नसेल त्या दिवशी करा.

झोपेवरून एक सोपी चाचणी, खास तुमच्यासाठी. काही वाजत नसलं की वीज वाचवायला ध्वनीचिप थोड्या वेळाने डुलकी घेते आणि आवाज सुरू झाला की तिने उठायचं असतं. ड्रायव्हर नीट नसेल तर ती पहिलं अक्षर गिळते, आणि फारच बिघडलं असेल तर उठतच नाही. एक दिवस तानपुऱ्याचं अ‍ॅप अगदी बारीक आवाजात दिवसभर चालू ठेवा. त्या दिवशी आवाज एकदाही गेला नाही, तर चोर डुलकीत आहे. उपाय वर सांगितलेलाच, नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊनही डुलकी बंद करता येते, पण ते जाणत्याकडून करून घ्या.

बायोसचं (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं) नवं अपडेट साइटवर असेल तर तेही घ्या, पण त्याआधी बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा. नंतर मशीनने ती मागितली आणि हाताशी नसली तर तुमची सगळी रेकॉर्डिंगं कुलपाआड जातील. जुन्या विंडोजवर परत जाण्याची दहा दिवसांची मुदत तुमच्या बाबतीत फॉरमॅटबरोबरच संपली, तो मार्ग विसरा.

रॅमचं मात्र मी विसरलेलो नाही. अपग्रेड आणि मशीन उघडणं एकाच दिवशी झालंय, त्यामुळे विंडोजवर संशय घेताना पान्यावरही घ्यायला हवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये खालचं झाकण काढलं की स्पीकरची केसासारखी वायर रॅमजवळूनच जाते. झाकण बसवताना ती चिमटली जाते, नाहीतर कनेक्टर अर्धवट बसतो. तशी वायर असेल तर आवाज रीस्टार्टने परत येणार नाही, लॅपटॉप उचलला, मांडीवरून टेबलावर ठेवला, तळहाताचा कडेला दाब पडला की येईल-जाईल, आणि बरेचदा एकाच बाजूचा. वहीत अशी एकही नोंद सापडली तर त्याच दुकानात जा आणि झाकण पुन्हा उघडून कनेक्टर बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. जॅकसाठीही तसंच: हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करून आवाज परत आला तर आतल्या पत्र्यावर गंज आहे, आणि लॅपटॉपला हेडफोन लागल्याचा भास होतोय.

हे सगळं करूनही शंका राहिली तर पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) घ्या, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’वर चालवा आणि दोन-तीन तास गाणी लावून ठेवा. मध्ये एकदा झाकण मिटून उघडा. तिथे आवाज टिकला तर विंडोजशीच भांडायचं. तिथेही गेला, हेडफोनमध्येही गेला, तर मी स्वतः म्हणेन, दाखवा बोर्ड.

राहिली मुलांची तक्रार. ती वेगळी तक्रार आहे. तुम्हाला ऐकू न येणं आणि त्यांना ऐकू न येणं, दोन्ही तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंय, पण तुमचा स्पीकर बंद पडला म्हणून त्यांना पेटी ऐकू यायची थांबणार नाही. झूम आणि त्याच्यासारखे प्रोग्राम गोंगाट कापतात, आणि त्यांच्या हिशेबात एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट: पंखा, मिक्सर, आणि तुमचा लांबवलेला षड्ज. तुम्ही सूर धरून ठेवता आणि प्रोग्राम तो पंखा समजून पुसून टाकतो. मुलांना विचारा, पेटी अलंकार चालू असताना जाते की सूर धरल्यावर? धरल्यावर जात असेल तर झूमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. शिकवणी सुरू होताच तानपुऱ्याचं अ‍ॅप एकदम बारीक होत असेल, तर त्याच जुन्या साउंड खिडकीच्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये बघा. फोनसारखं काही सुरू झालं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, अशी विंडोजची मुळातली समजूत आहे. तिथे ‘डू नथिंग’ निवडा.

ओरिजिनल साउंड चालू केल्यावर प्रतिध्वनी कापणंही ढिलं पडू शकतं, म्हणून हेडफोन लावा, पण वायरचा. ब्लूटूथचा लावून त्याचाच माइक वापरलात, तर बहुतेक हेडफोन फोनच्या पट्टीत उतरतात आणि पेटी टेलिफोनवरून ऐकल्यासारखी येते.